नानांचा पाहुणा

बोरसे नानांची आणि माझी ओळख झाली तेव्हा माझा जेवणाचा डबा शाळेच्या पायरीवर पिशवीत होता, त्याच्याभोवती वाळूची सहा पोती रचलेली होती, आणि पोत्यांपासून तीस पावलांवर दोरी बांधून नाना उभे होते. मी कार्यालयाची किल्ली आणायला पाच मिनिटं आत गेले होते. पिशवी पायरीवर ठेवली होती, एवढाच माझा गुन्हा.

"हाई कोनं शे?" नानांनी विचारलं.

"माझं आहे."

"आत काय आहे?"

"डबा. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी."

"भाकरी किती?"

"दोन."

नाना एकटेच दोरी ओलांडून गेले. गुडघे टेकून बसले, डब्याकडे या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, मग झाकण उघडलं. परत आले ते खोटं बोलणारा साक्षीदार पकडल्यासारखा चेहरा करून. "तीन आहेत," म्हणाले.

सासूबाईंनी मला न सांगता तिसरी भाकरी घातली होती. मी तसं सांगितलं, तर नानांनी डबा माझ्या हातात देत समजावलं, "ताई, आपल्या पिशवीत काय आहे हे माणसाला माहीत पाहिजे." त्या दिवसापासून मी रोज निघताना भाकरी मोजते.

जळगावहून नशिराबादकडे जाताना हायवेच्या कडेला आमची शाळा आहे. मी तिथे कार्यालयात लिपिक. नाना सुरक्षा पर्यवेक्षक. त्यांच्या हाताखाली दोन पहारेकरी होते, पण खरं सांगायचं तर आम्ही सगळेच त्यांच्या हाताखाली होतो. ते मूळचे धुळ्याकडचे. पोलिसात सगळी नोकरी झाली आणि त्यातली शेवटची बावीस वर्षं बॉम्बशोधक पथकात. निवृत्तीनंतर शाळेसमोरच एक खोली भाड्याने घेऊन राहत. उंची बेताची, मिशी पांढरी, शर्टाची इस्त्री अशी की घडीवर बोट कापेल. खिशात शिट्टी, एक छोटी वही आणि दोन पेनं. दुसरं पेन कशाला, असं मी एकदा विचारलं. "पहिलं ऐन वेळेला चालत नाही," ते म्हणाले. आणि मग जरा विचार करून, "दुसरंही चालत नाही कधी कधी. पण मग आपली चूक राहत नाही."

बॉम्ब हा शब्द शाळेच्या आवारात उच्चारायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. लेकरांच्या कानावर तो शब्द कशाला? म्हणून त्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'पाहुणा'. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते शिपाई, व्हॅनचे ड्रायव्हर, झाडलोट करणाऱ्या शोभाअक्का आणि मी, अशा सगळ्यांना ओळीने बसवत आणि शिकवत. पाहुण्याला हात लावायचा नाही. पाहुण्याजवळ मोबाईल वापरायचा नाही. पाहुणा आला की दारं-खिडक्या सताड उघड्या टाकायच्या, म्हणजे काच फुटून कोणाला लागत नाही. आपापली पिशवी घेऊन बाहेर पडायचं, म्हणजे मागे जे उरेल ते परक्याचं, हे शोधणाऱ्याला कळतं. "आपली खोली आपल्यालाच माहीत असते," नाना सांगत. "पोलीस येईल, कुत्रा येईल, पण या खोलीत ही खुर्ची कालपर्यंत नव्हती, हे शोभाअक्काच सांगेल." शोभाअक्कांना हे फार आवडायचं. इतक्या वर्षांत त्यांचा पहिल्यांदाच कोणी दाखला दिला होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग स्नेहसंमेलन आलं.

बाजार समितीतले एक मोठे गृहस्थ प्रमुख पाहुणे होते. मांडव भरला होता. गाडी फाटकातून आत आली आणि सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी माइकवरून आनंदाने जाहीर केलं, "पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे." त्यासरशी चार ड्रायव्हर, दोन शिपाई आणि शोभाअक्का जागेवरून उठले. अक्कांनी पहिल्या रांगेतल्या दोन संचालकांना दंडाला धरून उठवलं आणि मैदानाकडे चालवलं. ते बिचारे कुठे जायचं हे न विचारता मुकाट्याने गेले. त्यांच्यामागे दोन रांगा गेल्या. पुष्पगुच्छ घेऊन उभी असलेली मुलगी पण गेली. पाहुणे पायऱ्या चढून वर आले तेव्हा त्यांच्या स्वागताला व्यासपीठावर फक्त समई होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुख्याध्यापिका पाटील मॅडमनी नानांना बोलावलं. नाना शांतपणे उभे राहिले आणि वही काढून म्हणाले, "मॅडम, अर्धा मांडव दीड मिनिटात रिकामा झाला. लोकं चालली, पळाली नाहीत." मॅडमना हसावं की रागवावं कळेना. शेवटी पाहुणा शब्द बोलण्यात राहिला, पण बाहेर पडायची खूण म्हणून घंटा ठरली. तीन टोल, थांबून पुन्हा तीन टोल.

माझ्या टेबलावर दूरध्वनीशेजारी नानांनी एक कागद चिकटवला होता. वर प्लास्टिक लावून, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून. धमकीचा फोन आला तर काय करायचं, ते त्यावर होतं. फोन ठेवायचा नाही. त्याला बोलतं ठेवायचं. काय विचारायचं: कुठे ठेवलंय, किती वाजता होईल, दिसायला कसं आहे, का ठेवलंय. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. मागून कसले आवाज येतात ते ऐकायचं. आणि सगळ्यात शेवटी, नाव विचारायचं.

"नाव कोण सांगेल, नाना?" मी विचारलं.

"विचारायला काय जातं? माणूस सवयीने बोलून जातो."

एवढ्यावर भागत नव्हतं. महिन्यातून एकदा ते पहारेकऱ्यांच्या चौकीतून मला फोन करत, आवाज बदलून. आवाज बदलून म्हणजे नाकाला रुमाल लावून. मी लगेच ओळखायचे.

"मी अतिरेकी बोलतोय."

"नाना, चहा झालाय. पाठवू का?"

दोन मिनिटांनी ते स्वतः दारात. "ताई, अतिरेकीले चहा इचारतस का?" फार चिडले किंवा मनापासून काही बोलायचं असलं की ते अहिराणीवर येत. मग माझ्याकडून पुन्हा सगळे प्रश्न म्हणवून घेत, पाढ्यांसारखे. शिक्षकखोलीत हे सगळं चघळलं जायचं. रोज सकाळी मुलं यायच्या आधी नाना काठी घेऊन मैदान पायाखाली घालत. कडुनिंबाच्या झाडाखाली, जिथे सगळ्यांनी जमायचं ठरलं होतं, तिथला पाचोळासुद्धा उलथून बघत. एका संचालकांनी विचारलं होतं, "नाना, कोणाचं सोनं हरवलंय?" नाना म्हणाले होते, "साहेब, सगळी लेकरं इथे आणून उभी करायची आहेत. आणायच्या आधी जागा बघायला नको?" पण ते उत्तर ऐकायला संचालक थांबले नव्हते.

बालवाडीच्या मुलांसाठी त्यांनी एक लांब दोरी करून घेतली होती. हातभर अंतरावर एक गाठ, प्रत्येक मुलाने एक गाठ धरायची आणि चालायचं. एका पालकांनी तक्रार केली की आमची मुलं काय पोळ्याचे बैल आहेत का. नानांनी तक्रार ऐकून घेतली आणि त्या पालकांच्या मुलाची गाठ बदलून सगळ्यात पुढची दिली. मुलगा इतका खूश झाला की तक्रार मागे घेतली गेली.

तो फोन आला तेव्हा सहामाही परीक्षा चालू होती. सकाळचे अकरा वाजायला आले होते. मी उत्तरपत्रिकांच्या पुरवण्या मोजत होते. एका हातात पुरवण्या धरूनच मी फोन उचलला.

"तुमच्या शाळेत बॉम्ब ठेवला आहे," पुरुषाचा आवाज होता.

नाकाला रुमाल नव्हता. मी बोलायच्या बेतात होते की नाना, आज आवाज चांगला जमलाय, तेवढ्यात खिडकीतून मला खुद्द नाना दिसले. मैदानात उभे राहून ते नळाची तोटी तपासत होते. डोळे समोरच्या कागदावर गेले आणि तोंड आपलं आपण चालायला लागलं.

"कुठे ठेवलाय?"

तो जरा गोंधळला. "शाळेत."

"शाळेत कुठे?"

"आहे ना शाळेतच."

"दिसायला कसा आहे?"

"लाल आहे."

"किती वाजता होईल?"

"बारा वाजता. बाराला उडेल सगळं."

"का ठेवलाय?"

"तुमच्या लोकांना माज आलाय म्हणून." इथे त्याचा आवाज चढला. मागे भोंग्यावर कोणीतरी बोलत होतं. जामनेरला जाणारी गाडी, फलाट तीन. मी ते लिहिलं. हाताखालचा कागद उत्तरपत्रिकेची पुरवणी होती, त्यावरच लिहिलं.

"नाव काय तुमचं?"

"सुभा..." तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मी धावत बाहेर गेले. खरं म्हणजे धावायचं नाही असा नियम होता. नानांनी मला येताना पाहिलं आणि नळाची तोटी सोडली. मी पुरवणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती एकदा वाचली. माझ्या तिसऱ्या भाकरीवरून गंभीर होणारा माणूस आता अगदी मोकळा, थंड दिसत होता.

"पहिले पानी पी ल्या, ताई," ते म्हणाले. "बठ्ठं बराबर लिखेल शे." सगळं बरोबर लिहिलंय, अशी ती शाबासकी होती.

पाणी मी प्यायले नाही. आम्ही दोघं पाटील मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडमनी वाचलं, खुर्चीत बसल्या, पुन्हा वाचलं. त्यांची अडचण मला कळत होती. परीक्षा मध्येच थांबवायची, सहाशेच्या वर मुलं बाहेर काढायची, पालकांचे फोन, संचालकांचे फोन, आणि दुपारी कळायचं की कोणीतरी दारूच्या नशेत गंमत केली.

"नाना, हे खोटंच असेल ना?" त्यांनी विचारलं.

"खोटंच असेल," नाना म्हणाले. "असं बोलणारा बहुतेक खोटाच असतो."

"मग?"

"खोटं निघालं तर परीक्षा पुन्हा घेता येईल, मॅडम."

मॅडमनी पोलिसांना फोन लावायला घेतला आणि मानेनेच नानांना हो म्हटलं.

नाना आधी घंटेकडे गेले नाहीत. आधी दोन्ही पहारेकऱ्यांना घेऊन कडुनिंबाखाली गेले, जागा पाहिली, मगच घंटा वाजली. तीन टोल, थांबून तीन टोल. मी व्हरांड्यात उभी होते. क्षणभर काहीच झालं नाही. मग दारं उघडली, खिडक्या उघडल्या, आणि मुलं पाठीला दप्तरं लावून ओळीने बाहेर यायला लागली. कोणी पळत नव्हतं. दहावीची दोन मुलं तर चालता चालता एकमेकांना पाचव्या प्रश्नाचं उत्तर विचारत होती. बालवाडी दोरी धरून आली. शिक्षकखोलीत या सगळ्याची सगळ्यात जास्त टिंगल करणारे एक सर आपल्या वर्गाच्या शेवटी उलटे चालत, मुलं मोजत येत होते.

कडुनिंबाखाली वर्गवार मोजणी झाली. एकेक वर्गशिक्षक नानांना आकडा सांगत होते आणि नाना वहीत खूण करत होते. बालवाडीच्या वैशाली मॅडम आल्या आणि त्यांनी दोरीकडे बोट दाखवलं. दोरीच्या शेवटून दुसरी गाठ रिकामी होती.

"मनू," त्या म्हणाल्या. "घंटेच्या जरा आधी बाथरूमला गेली होती. मला वाटलं परत आली."

साडेअकरा वाजून गेले होते. पोलिसांची गाडी निघाली होती, पण हायवेवर ट्रक उलटल्यामुळे अडकली होती. वैशाली मॅडम आत जायला निघाल्या. नानांनी त्यांना थांबवलं. "तुमच्याकडे सव्वीस लेकरं आहेत. ती सांभाळा." वही माझ्या हातात दिली. "ताई, कोणाला आत येऊ देऊ नका. येस मी, आलोच." आणि ते त्यांच्या नेहमीच्या चालीने इमारतीत शिरले.

ती मिनिटं कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. मी वही छातीशी धरली होती. सहाशे मुलं उन्हात उभी होती आणि इतकी शांतता मी त्या मैदानात कधी ऐकली नाही. शोभाअक्का पुटपुटत होत्या, मुक्ताईचं नाव घेत होत्या. पाटील मॅडम घड्याळाकडे बघत नव्हत्या, म्हणून मीही बघितलं नाही.

मग ते आले. नाना आणि त्यांचं बोट धरून मनू. चालत. तिच्या पायात एकच बूट होता, दुसरा नानांच्या हातात. बाथरूमची कडी अडकली होती, तिला ती निघेना, आणि घंटा ऐकून ती रडायला लागली होती. नानांनी बाहेरून खिळखिळी करून कडी काढली. हे आम्हाला मनूने सांगितलं. आणखी एक सांगितलं, की दार उघडेपर्यंत नाना आजोबा बाहेरून तिला विचारत होते, तुमच्या घरी कोण कोण असतं, मांजर आहे का, मांजरीचं नाव काय. ती सांगत होती तेवढा वेळ तिचं रडं थांबलं होतं. वैशाली मॅडमनी तिला उचललं. नानांनी माझ्याकडून वही घेतली आणि बालवाडीपुढे खूण केली.

बारा वाजले. काही झालं नाही. बारा वाजून पाच झाले. मोठ्या मुलांपैकी कोणीतरी श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि सगळं मैदान एकदम बोलायला लागलं.

पोलीस आले, त्यांचं पथक आलं, कुत्रा आला. पथकाचा प्रमुख तरुण होता, नानांच्या हाताखाली शिकलेला. त्याने आधी नानांच्या पाया पडून मग काम सुरू केलं. अडचण एकच होती. फोनवाल्याने लाल रंग सांगितला होता, आणि शाळेत प्रत्येक वळणावर आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. त्या नानांनीच टांगायला लावल्या होत्या. पथकाला एकेक बादली उपसावी लागली. बॉम्ब निघाला नाही. पण कारल्याची भाजी निघाली, निरनिराळ्या दिवसांची. दोन दातांच्या कवळ्या निघाल्या, त्या नाटकाच्या होत्या असं नंतर कळलं. आणि भूगोलाच्या कॉपीच्या चिठ्ठ्या निघाल्या, इतक्या की पाटील मॅडम म्हणाल्या, नाही तरी ही परीक्षा पुन्हाच घ्यावी लागली असती. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मनापासून हसताना पाहिलं. आम्ही सगळेच हसत होतो, हसण्यासारखं होतं त्यापेक्षा जास्त.

फोन करणारा संध्याकाळच्या आत सापडला. बसस्थानकावरच्या चहावाल्याचा मोबाईल मागून घेऊन त्याने फोन केला होता. सुभाष नावाचा माणूस, पूर्वी शाळेची व्हॅन चालवायचा. गाडी भरधाव चालवतो म्हणून त्याला काढलं होतं. पोलिसांनी पकडलं तेव्हा म्हणाला, मला वाटलं फोनवरच्या बाई घाबरून फोन ठेवतील. इतकं विचारतील असं वाटलं नव्हतं.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी, पालक येऊन मुलांना घेऊन गेल्यावर, शाळा रिकामी झाली. माझ्या फोनवर फोन येत होते. यजमानांचा, आईचा, सासूबाईंचा दोनदा. प्रत्येकाला मी तेच सांगत होते, मी बरी आहे, सगळं ठीक आहे, आणि प्रत्येक वेळी ते सांगताना मला जरा जास्त ठीक वाटत होतं.

नाना कडुनिंबाच्या पारावर एकटे बसले होते. हातात मोबाईल होता, पण ते काही करत नव्हते. नुसता धरला होता. मी चहा घेऊन गेले.

"कोणाला लावताय, नाना?"

"कोणाला नाही." त्यांनी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. कप घेतला.

मग ते आपणच बोलायला लागले. "बावीस वर्षं पिशव्या उघडल्या, ताई. बसस्थानक, कचेरी, सिनेमा, देवळं. एकदाही खरा निघाला नाही. लोक हसायचे. डबे निघायचे, कपडे निघायचे. एकदा तर एका बाईचं रुखवताचं सामान निघालं, ते मी मुक्ताईनगरला नेऊन दिलं होतं. मी म्हणायचो, असंच राहू दे देवा. आपलं काम फुकट गेलं तेच चांगलं."

"खरं आहे."

"आमची मंडळी मात्र प्रत्येक वेळी जागची हलायची नाही. मी कॉलवर गेलो की ती उंबऱ्यात बसायची. स्वयंपाक नाही, पाणी नाही. काम झालं की मी पहिला फोन तिला करायचो. आधी बाहेरच्या दुकानातून, मग मोबाईल आले. एवढंच सांगायचं, काही नव्हतं. मग ती चूल पेटवायची." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तिला जाऊन चार वर्षं झाली. आज सगळं झाल्यावर हात आपोआप खिशात गेला. नंबर काढला पण. मग लक्षात आलं."

"मुलाला करायचा ना फोन."

"तो सुरतला. त्याला सांगितलं तर म्हणेल, नोकरी सोडा, इथे या. इतक्या मोठ्या गावात मी काय करू?"

शोभाअक्का वर्गांची दारं लावत होत्या, एकेक कडी लागल्याचा आवाज येत होता. मी पारावर त्यांच्या शेजारी बसले. माझा फोन पुन्हा वाजायला लागला, तो मी बंद केला.

"नाना," मी म्हटलं, "मला सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चेष्टा करत नाही ना, याची आधी खात्री करून घेतली. मग कप खाली ठेवला, शर्ट नीट केला, आणि समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघत हळूच म्हणाले, "काही नव्हतं."

"बरं झालं," मी म्हटलं. "चला आता, जेवायला घरी चला."